भिंतीला लावलेला फॉल

नवी साडी आणली की नेसायच्या आधी आपण तिला फॉल लावून घेतो. साडीचा खालचा काठ पायात येतो, जमिनीला घासतो, चिखलात भिजतो. म्हणून आतून एक पट्टी शिवायची. झिजायचं ते तिनं झिजावं, साडी टिकावी. फॉल फाटला तर बदलता येतो, साडी थोडीच बदलता येते! भिंतीचंही अगदी असंच आहे. फरशीला लागून वीतभर उंचीचा जो पट्टा असतो, ज्याला गवंडी स्कर्टिंग म्हणतो आणि आपण नुसता पट्टा किंवा काठ म्हणतो, तो भिंतीला लावलेला फॉल आहे. फडक्याचं पाणी, झाडूचा मार, पोरांच्या सायकलीचं चाक, ओसरीवर उडणारा चिखल, सगळं तो झेलतो. आज त्याच्याबद्दल बोलू.

आमच्या गटातल्या आम्ही पाचजणी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत घरं रंगवायची कामं घेतो. दरवर्षी एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. "गेल्या दिवाळीला खाली चांगला तीन फूट ऑईलपेंट मारला होता. पावसाळा सरेपर्यंत पापुद्रे निघाले. दुकानदारानं रंग भेसळीचा दिला वाटतं." आम्ही बोटानं पापुद्रा उचलून बघतो. मागे पांढरी भुकटी असते आणि भिंत हाताला गार लागते. रंगात बहुतेक वेळा काही खोट नसते. भिंत ओली असते. ऑईलपेंटनं ओल थांबते हा समज गावोगाव पक्का बसलाय, आणि त्यापायी दरवर्षी घामाचे पैसे पाण्यात जातात.

जुन्या घरांत बायका हे काम कसं करायच्या ते आठवा. जमीन सारवताना हात तिथेच थांबत नसे, शेणकाला भिंतीवर चार बोटं चढवायचा. त्यामुळे जमीन आणि भिंत यांच्यातली फट बुजायची, मुंग्या-किड्यांना जागा राहायची नाही. वर भिंत पांढऱ्या मातीनं पोतारायची किंवा चुन्याची सफेदी द्यायची, आणि खाली कावेचा, म्हणजे गेरूचा, तांबडा पट्टा ओढायचा. पावसात पागोळ्यांनी उडालेला चिखल तांबड्यावर दिसत नाही, पांढऱ्यावर लगेच दिसतो. गेरू ही मुळात लोखंडाच्या गंजाची माती आहे. उन्हानं तिचा रंग उडत नाही आणि चुन्याशी तिचं वाकडं नाही. रस्त्याकडेच्या वडा-चिंचांच्या बुंध्यांना बांधकाम खात्याची माणसं जो तांबडा-पांढरा पट्टा मारतात, तोही हाच काव-चुना.

या जुन्या पट्ट्याचा मोठा गुण असा, की माती, शेण, चुना, गेरू यांतलं काहीच भिंतीचा श्वास कोंडत नाही. भिंतीत चढलेलं पाणी त्यांच्यातून हळूहळू वाफ होऊन निघून जातं. पट्टा सणासुदीला पुन्हा ओढावा लागायचा हे खरं. पण काव-चुन्याला खर्च तो कितीसा?

आता पाणी भिंतीत चढतं कसं ते बघा. देवापुढच्या समईत तेल खाली असतं आणि ज्योत वर. तेल वर कोण नेतं? वात. कापसाच्या धाग्यांमधल्या बारीक वाटांनी ते आपोआप वर चढतं. विटेत, मातीत, सिमेंटच्या प्लास्टरमध्येसुद्धा अशाच बारीक वाटा असतात. पायाजवळची जमीन ओली राहिली की भिंत वातीसारखी ते पाणी ओढून घेते आणि दोन-तीन फुटांपर्यंत चढवते. तिथून ते हवेत उडून जातं, पण पाण्याबरोबर आलेले क्षार उडून जात नाहीत. ते भिंतीच्या तोंडाशी साठतात. भिंतीला लोणा लागला, खार फुटला, असं आपण म्हणतो ते हेच. हे क्षार सुकताना फुगतात आणि प्लास्टर आतून पोखरतात. बोट लावलं की वाळू गळते ती त्यामुळे.

अशा भिंतीवर ऑईलपेंट मारला म्हणजे पाण्याच्या वाफेला दार बंद झालं. मग दोनपैकी एक होतं. रंगाच्या मागे क्षार साठून फोड येतात आणि पापुद्रे सुटतात, नाहीतर पाणी आणखी वर चढून पट्ट्याच्या डोक्यावरून बाहेर पडतं. तीन फुटांची ओल चार फुटांवर गेली असं दिसतं ते उगीच नाही. कुणी गवंडी सुचवतो, "वहिनी, तीन फूट टाइल लावून टाकू, ओल दिसणारच नाही." दिसणार नाही हे खरंच, पण टाइलच्या वरच्या काठाला पुढच्या पावसाळ्यात पांढरी रेघ उमटेल.

आमच्या कामाचा हंगाम कुठला, तर दिवाळी. आणि वर्षभरात भिंतीचा पाया सगळ्यात जास्त ओला कधी असतो? तेव्हाच. चार महिने पाऊस पिऊन भिंत बसलेली असते. वरचा भाग सुकलेला दिसतो, पण खालची वीतभर जागा अजून दमट असते. नेमक्या त्याच जागेवर आपण सगळ्यात घट्ट रंग मारतो. म्हणून आम्ही आता गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, दिवाळीला वरची भिंत रंगवा आणि खाली गेरू-चुन्याचा हात द्या. ऑईलपेंटचा पट्टा हवाच असेल तर चैत्र-वैशाखात करा. उन्हाळ्यात भिंत खडखडीत असते, लग्नसराईच्या निमित्तानं घर झाडून-पुसूनही होतं. सणाला घर नवं दिसावं असं कुणाला वाटत नाही? पण नवा गेरूचा पट्टा दिवाळीच्या पणतीत उजळ दिसतो, त्याला ऑईलपेंटच लागतो असं नाही.

भिंत सुकली की नाही हे हात लावून नेहमी कळत नाही. त्याला एक बिनपैशाची परीक्षा आहे. फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक घ्या, खतांच्या पोत्याच्या आतलं धुऊन पुसलेलं चालेल. जुना रंग खरवडलेल्या जागी, फरशीपासून वीतभर उंचीवर ते चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब दिसले तर पाणी भिंतीतूनच येतंय. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो घरातला दमटपणा आहे, चुलीची किंवा आंघोळीच्या पाण्याची वाफ. खिडकी उघडी ठेवून तो कमी होतो. दोन्हीकडे कोरडं असेल तर खुशाल रंगवा.

भिंतीतून पाणी येत असेल तर रंगाचा डबा बाजूला ठेवून घराला बाहेरून एक फेरी मारायची. कारण बहुधा तिथेच सापडतं. कौलांच्या किंवा पत्र्याच्या पागोळ्या भिंतीच्या पायाशीच पडत असतात. पन्हळ लावून ते पाणी लांब सोडता येतं. मोरीचं सांडपाणी भिंतीला लागूनच मुरतं. कुणी भिंतीला टेकून मातीचा ढीग, सरपण किंवा उकिरडा रचलेला असतो. तुळस, कर्दळ, अळू भिंतीलगत लावलेलं असतं आणि रोज पाणी घातलं जातं. अळू दोन हात पुढे न्या. बाहेरची जमीन घरातल्या फरशीपेक्षा खाली हवी आणि तिचा उतार घरापासून बाहेर हवा, एवढं जमलं तरी अर्ध्याहून जास्त ओल हटते.

काही घरांत मात्र घरधनीण काहीच करू शकत नाही, कारण दोष घरात नसतो. गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो, काही वर्षांनी त्यावरच दुसरा थर पडतो, आणि रस्ता उंबऱ्याच्या वर जातो. पावसाचं पाणी घराकडे वळतं. अशा भिंतीला कितीही महागाचा रंग टिकणार नाही. हा विषय रंगाऱ्याचा नाही, पंचायतीचा आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी असं आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. तिथे हा विषय मांडा. नवा रस्ता करताना जुना थर उकरून काढा, गटार आधी करा, ही मागणी लेखी द्या. एकीनं दिली तर घरचं रडगाणं ठरते, दहा घरांतल्या दहाजणींनी दिली तर ठरावात येते.

ज्यांचं घर अजून बांधायचं आहे त्यांनी हे आत्ताच ऐकून ठेवावं. पंतप्रधान आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचं असतं. शेवटचा हप्ता येईपर्यंत हात आखडलेला असतो आणि रंग सगळ्यात शेवटी येतो, म्हणून पट्ट्याचा विचारही शेवटीच होतो. पण पट्टा टिकणार की नाही ते जोत्यावरच ठरतं. जोतं भरून झालं की भिंतीची पहिली वीट बसायच्या आधी वर दीड-दोन इंच जाडीचा घट्ट काँक्रीटचा थर हवा, त्यात वॉटरप्रूफ पावडर मिसळलेली हवी. वातीला मध्येच गाठ मारावी तसा हा थर खालचं पाणी अडवतो. त्या दिवशी शेताचं काम राहिलं तरी चालेल, पण बांधावर न जाता जोत्यावर उभ्या राहा. एकदा भिंत चढली की तो थर घालणं फार अवघड आणि फार महाग पडतं. आणि पुढे अंगणात भराव घालताना त्या थराच्या वर माती चढू देऊ नका, नाहीतर पाणी त्याला वळसा घालून आत येईल.

आता कोणत्या भिंतीला कोणता पट्टा.

मातीची किंवा मातीत रचलेली दगडाची भिंत असेल तर सिमेंटचा पट्टा नको आणि ऑईलपेंटही नको. हे आम्ही ठासून सांगतो, कारण 'पक्कं करून टाकू' म्हणून हेच केलं जातं. सिमेंटच्या मागे माती ओलीच राहते, मऊ पडते, आणि एक दिवस पट्टा मातीचं ढेकूळ घेऊनच सुटतो. तिथे शेणमातीचा लेप आणि वर गेरू-चुना, हेच बरं.

चुना घरी करायचा तर कळीचा चुना आणा. पाणी आधी लोखंडी पिंपात घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर वरून पाणी ओतू नका, तो उसळतो. प्लास्टिकची बादली नको, उष्णतेनं वितळते. पोरांना दूर ठेवा, डोळ्याला जुना चष्मा तरी लावा. चुना डोळ्यात गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहून दवाखाना गाठायचा. एक किलो चुन्याला साधारण पाच लिटर पाणी पुरतं. एक रात्र मुरू द्यावा, सकाळी जाड फडक्यानं गाळावा, थोडा डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा म्हणजे हाताला लागत नाही. पट्ट्यासाठी त्यातच गेरू कालवायचा. भिंत आधी पाण्यानं शिंपडून घ्या आणि पातळ पातळ दोन-तीन हात द्या. चुना नुसता सुकत नाही, तो हवा पिऊन हळूहळू दगड होतो. जाड थर दिला तर तो वरवर सुकतो आणि पोपडे पडतात.

वीट-सिमेंटची कोरडी भिंत असेल तर ऑईलपेंटचा पट्टा चांगला. ओल्या फडक्यानं पुसता येतो. डिस्टेंपर त्या जागी टिकत नाही, चार दिवस फरशी पुसली की फडक्याला रंग लागतो. पण नव्या प्लास्टरवर घाई नको. प्लास्टरला सात दिवस पाणी मारलं की निदान महिनाभर ते सुकू द्या, ऑईलपेंटसाठी आणखी थांबलात तर उत्तम. ओल्या ताज्या सिमेंटमधला खार आणि रंगातलं तेल एकत्र आलं की त्याचा साबण होतो. काही ठिकाणी पट्टा महिनोन् महिने चिकट राहतो तो यामुळे.

टाइलचा किंवा दगडाचा पट्टा एकदाच खर्चाचा. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, काळा कडप्पा आंध्रातल्या कडप्याचा. दोन्ही आपल्याकडे रुळलेत. हिशेब सोपा आहे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट, त्यातून तीन फुटांचं दार वजा केलं की ४१. दोन बाय दोनच्या एका टाइलमधून चार इंची सहा पट्ट्या निघतात, म्हणजे बारा फूट. चार टाइल पुरतात. गवंड्यानं दहा सांगितल्या तर का, ते विचारा. बसवून झाल्यावर एका रुपयाच्या नाण्यानं पट्टी ठोकून बघा. पोकळ वाजली तर मागे माल भरलेला नाही, तिथे मुंग्या वस्ती करणार. पट्टी प्लास्टरच्या बाहेर अर्धा इंच राहिली तर तिच्या डोक्यावर कायम धूळ बसते, तो कोपरा तिरका भरून घ्या. ती धूळ पुसणार कोण, हे गवंड्याला ठाऊक नसतं.

मालिकांमधल्या बंगल्यांत लाकडी पट्टी दिसते. विलायतेत जमीनही लाकडी असते, तिची आणि प्लास्टरची फट झाकायला ती लावतात. आपल्याकडे वाळवीला ते आमंत्रणच. प्लास्टिकच्या पट्ट्याही बाजारात आल्या आहेत, त्यांच्या मागच्या पोकळीत झुरळं राहतात. आम्हाला दोन्ही पसंत नाहीत.

उंची किती? पुसायचं फडकं जिथवर शिंतोडे उडवतं तिथवर, चार ते सहा इंच. ओसरीत आणि माजघरात मात्र माणसं भिंतीला टेकून खाली बसतात, डोक्याच्या तेलाचे आणि पाठीच्या घामाचे डाग पडतात. भिंत कोरडी असेल तर तिथे तीन फूट रंग घ्यावा. रंग निवडताना चकचकीत काळ्याच्या मोहात पडू नका. बोअरचं पाणी जड असेल तर काळ्यावर पांढरे ओघळ दिसतात. तपकिरी, तांबडा किंवा मातकट राखाडी रंग सगळं पोटात घालतो.

एक गोष्ट मात्र लेकरांसाठी. जुन्या ऑईलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, तांबड्या, हिरव्या रंगांत, शिसं असायचं. रांगतं मूल नेमकं या पट्ट्याच्या उंचीवर असतं. पापुद्रा उचलून तोंडात घालतं. शिसं मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं, पोटातल्या बाळालाही बाधतं. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही, आणि तसं डब्यावर छापावं लागतं. ते छापलेलं नसेल तर डबा परत करा. जुना पट्टा कोरडा घासू नका, पाणी शिंपडून ओला करून खरवडा. गरोदर बाई आणि लहान मुलं त्या दिवशी घरात नकोत. खरवड पोत्यात भरा, चुलीत किंवा शेणखतात घालू नका. आणि गेरूचा लाल रंग फिका वाटला म्हणून त्यात शेंदूर मिसळू नका. खरा शेंदूर शिशाचा असतो.

कामाची रीत थोडक्यात सांगतो. लोणा आलेली भुकटी कोरड्या ब्रशनं झाडायची. पाण्यानं धुतली तर क्षार परत आत जातात. सुटा रंग खरवडा, भोकं लांबीनं भरा, सुकल्यावर पॉलिश पेपर मारा, पुसा, प्रायमरचा एक हात द्या. वरची भिंत आधी, पट्टा शेवटी. सरळ रेघेसाठी दोघींनी गेरूत बुडवलेली दोरी ताणून धरायची आणि मधून उचलून सोडायची. माप मात्र फरशीपासून घ्या. जुन्या घराची जमीन क्वचितच सपाट असते, आणि लेव्हलप्रमाणे ओढलेला पट्टा एका कोपऱ्यात चार इंच आणि दुसऱ्यात सहा इंच दिसतो. चिकटपट्टी लावली असेल तर शेवटचा हात ओलसर असतानाच हळूच ओढून काढा. रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र.

दहा बाय बाराच्या खोलीला सहा इंची पट्ट्यासाठी दोन हातांना अर्धा लिटर ऑईलपेंट पुरून उरतो, चार लिटरचा डबा घेऊ नका. उरलेला रंग काचेच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. हवा कमी राहिली की वर साय धरत नाही. बरणीवर रंगाचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी जिथे सायकल घासली असेल तेवढीच जागा त्यातून भरून काढता येते.